ऋणनिर्देशाचे पान

प्रबंधातील एका पानाला कोणताही परीक्षक गुण देत नाही. शीर्षकपृष्ठानंतर आणि अनुक्रमणिकेच्या आधी येणारे ते पान बहुधा सर्वांत शेवटी लिहिले जाते, घाईत लिहिले जाते, आणि मौखिक परीक्षेत त्याविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही. मराठीत त्या पानाला ‘ऋणनिर्देश’ म्हणतात. त्याच जागी येणाऱ्या इंग्रजी शब्दात पोच दिल्याचा भाव आहे, जर्मन शब्दात आभार मानल्याचा. मराठीने मात्र त्या पानावर कर्जाची नोंद केली आहे. कर्ज म्हटले की धनको आला, मुद्दल आले, फेडीची मुदत आली आणि कर्ज बुडवल्यास लागणारा दोषही आला. शब्द रूढ झाला की त्याची धार बोथट होते; ‘ऋणात राहू इच्छितो’ हे वाक्य लिहिणाऱ्याला ऋणात राहण्याची खरोखरच इच्छा असते असे कोणी समजत नाही. तरीही शब्दाने नोंदवलेली गोष्ट शिल्लक राहतेच.

स्वदेश, स्वभाषा आणि घर सोडून युरोपातील एखाद्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पान विशेष अवघड होते. त्याला प्रवेश देणारी संस्था परकी, मार्गदर्शक परका, पैसा बहुधा तिसऱ्याच कोणाचा, आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो ती माणसे पुष्कळदा या व्यवहारात कोठेच उपस्थित नसतात. ज्ञान देणाऱ्याला त्या ज्ञानावर आणि ते घेणाऱ्यावर कोणता हक्क पोहोचतो, हा येथे उपस्थित होणारा पहिला प्रश्न होय. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे: ऋणनिर्देशाच्या पानावर ज्यांची नावे येतात तेच खरे धनको असतात काय?

मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. परदेशी शिक्षणाविषयीचे लेखन ती प्रवासवर्णनात, आत्मचरित्रात किंवा पत्रवाङ्मयात जमा करते आणि थंडी, एकटेपणा, अन्नाचे हाल, घरमालकिणीचा स्वभाव अशा अनुभवांच्या अंगाने त्याचा विचार करते. हे अनुभव खोटे नाहीत, पण त्यांच्यापाशी थांबले म्हणजे नैतिक प्रश्न दृष्टीआड होतो. दुसरीकडे वैचारिक लेखनाची चर्चा ‘पाश्चात्त्य प्रभाव’ या एकाच कोटीत होत आली. एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील प्राच्यवादाच्या मांडणीने आणि भालचंद्र नेमाडे यांनी ऐंशीच्या दशकात मांडलेल्या देशीवादाने या कोटीला धार दिली हे खरे. परंतु प्रभाव ही कल्पना मुळातच एखाद्या प्रवाहासारखी आहे. वरून खाली काहीतरी वाहते आणि खालचा भिजतो, एवढेच तीतून सांगता येते. ऋण हा मात्र दोन कर्त्यांमधला व्यवहार आहे. घेणाराही तेथे काहीतरी करत असतो: तो स्वीकारतो, नाकारतो, हिशेब मागतो, किंवा हिशेब चुकतो. परदेशी विद्यार्थ्याचा विचार प्रभावापेक्षा ऋणाच्या भाषेत करणे म्हणूनच अधिक फलदायी ठरेल.

ऋणाची कल्पना या भूमीत जुनी आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनी बांधलेला असतो. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यऋणाची भर पडते. या मांडणीतील ऋषिऋणाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. शिकल्यामुळे जे ऋण होते ते शिकण्यानेच फिटते. धनको केव्हाच दिवंगत झालेला आहे. तो वसुलीला येत नाही, अमुकच निष्कर्ष काढ असे सांगत नाही. फेड मागे न जाता पुढे जाते, पुढच्या शिकणाऱ्याकडे. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दानविषयक निबंधात असे दाखवले की दान कधीच निखळ नसते; ते घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन घालते आणि देणाऱ्याचा अंश दिलेल्या वस्तूत उरतो. ऋषिऋणाच्या कल्पनेने हे बंधन मान्य करूनही त्यातला देणाऱ्याचा वरचष्मा काढून टाकला, असे म्हणता येईल.

परंतु येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. संहितेतील वाक्याचा कर्ता ब्राह्मण आहे. पुढे ते त्रैवर्णिकांपर्यंत नेले गेले तरी शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांना अध्ययनाचा अधिकार नव्हता. ज्याला फेडीचे साधनच नाही त्याच्या नावावर ऋण तरी कसे मांडणार? कर्जदार होण्यासाठीसुद्धा पत लागते, आणि ही पत जन्माने ठरत होती. एकलव्याच्या कथेत तर हिशेबच उलटा आहे. न दिलेल्या विद्येची दक्षिणा तेथे वसूल होते. म्हणून ऋषिऋणाची कल्पना आजच्या विद्यापीठीय नीतीला आधार म्हणून पुढे करणाऱ्याने ती कोणाच्या वगळण्यावर उभी होती हेही सांगितले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थीदशेचा अन्वयार्थ या पार्श्वभूमीवर लावून पाहावा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यासाठी त्यांनी केला होता. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतले. करार पाळण्यासाठी बडोद्याला गेलेल्या या कर्जदाराला धनकोच्या नगरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर पडावे लागले हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत नोंदवले आहे. कराराच्या दोन्ही बाजू पाळल्या जातील अशी समाजरचनाच अस्तित्वात नसेल, तर करारभंगाचा दोष कोणाचा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभेल असा आहे. येथे तो एका माणसाच्या आयुष्यात घडला.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, एका पारशी मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. या वेळच्या पैशाला करार जोडलेला नव्हता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांनंतर त्यांना नव्याने लिहून द्यावा लागला; निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत, असे धनंजय कीर यांच्या चरित्रावरून दिसते. वसाहतीच्या राजधानीत बसून, त्या राजधानीच्या चलनविषयक धोरणाने भारतीय जनतेचे नुकसान कसे झाले, हे तेथल्याच विद्यापीठाला सांगणारा तो प्रबंध होता. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्याला प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. शिष्याच्या पाठीवर हात ठेवणे हा तिचा रूढ संकेत. कॅनन यांनी मात्र प्रचलित चलनपद्धतीविषयीच्या आंबेडकरांच्या विरोधाशी आपण सहमत नाही असे त्या प्रस्तावनेतच स्पष्ट सांगितले, आणि तरीही मांडणीच्या ताजेपणाला दाद दिली. शिष्याने मत बदलावे ही अट गुरूने घातली नाही आणि गुरूने असहमती लपवावी ही अपेक्षा शिष्याने केली नाही. अशी प्रस्तावना आपल्या ग्रंथाला जोडू देणारे अभ्यासक मराठीत किती निघतील, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

आंबेडकरांनी आपले धनको कोठे नोंदवले हेही पाहण्यासारखे आहे. रुपयावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. कोलंबियाच्या प्रबंधातून सिद्ध झालेला आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव गायकवाड महाराजांना अर्पण केला. बडोद्यातील अपमान १९१७ चा, अर्पणपत्रिका १९२५ ची. संस्थानच्या नगराने जे केले त्याचा हिशेब त्यांनी महाराजांच्या खात्यावर लावला नाही, आणि महाराजांच्या उपकारामुळे नगराचा हिशेब माफही केला नाही. दोन खाती वेगळी ठेवणे ही येथे नैतिक कृती आहे. कृतज्ञ माणसाने तक्रार करू नये आणि तक्रार असलेल्याने कृतज्ञ राहू नये, असा जो एक भाबडा समज आहे, त्याला या दोन नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे जागा उरत नाही.

ही सोय सर्वांना उपलब्ध नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे तो हेतू बाजूला पडला. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी त्यांची राहण्याची व्यवस्था केली, त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. त्यांच्या तेथील पत्रव्यवहारात वाद एकाच मुद्द्याभोवती फिरताना दिसतो: अन्न, निवारा आणि शिक्षण देणाऱ्या संघाला रमाबाईंच्या श्रद्धेचा तपशील ठरवण्याचा अधिकार आहे की नाही. रमाबाईंनी धर्म स्वीकारला, पण सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. वरवर पाहता हा वाद एका दागिन्याच्या मजकुराचा. वास्तविक तो दात्याची भाषा ही दानाचा भाग आहे काय याविषयीचा. भगिनींना त्यात अहंकार आणि कृतघ्नता दिसली. धर्मसंस्थेच्या आश्रयात विद्यापीठातल्यासारखी दोन खाती नसतात. तेथे सगळेच एका वहीत लिहिले जाते.

येथपर्यंत प्रश्न विद्यार्थी आणि दाता यांच्यातला आहे. इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील वास्तव्याकडे वळले की त्यात तिसरा पक्ष येतो.

इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्याच वर्षी त्यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवरील प्रबंध पूर्ण केला होता. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकलेले आणि या बेताच्या बाजूचे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मात्र तो मान्य नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या घरातच सुनेच्या उच्च शिक्षणाला आडकाठी व्हावी यातला विरोधाभास चरित्रकारांनी टिपला आहे. खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढले गेले. डालेम भागातील इन्ह रस्त्यावर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्यांनी काम केले. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते.

फिशर यांची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी होती तो १९१३ चा. आजच्या नामिबियातील, तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथे १९०८ मध्ये त्यांनी मिश्रवंशीय समाजाची मोजमापे घेतली आणि वंशसंकराविषयी सिद्धांत मांडले. हेरेरो आणि नामा लोकांचा संहार याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात झाला होता. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची संस्था नाझी राजवटीच्या वंशधोरणाला शास्त्राचा शिक्का पुरवू लागली. त्यांच्यानंतर १९४२ पासून संचालक असलेल्या ओटमार फॉन फेर्शुअर यांच्या काळात आउशवित्झमधून योसेफ मेंगेले याने पाठवलेले मानवी अवयव याच संस्थेत येत होते. इरावतीबाई १९३० मध्येच परतल्या होत्या. जे नंतर घडले त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु त्या कोणत्या वास्तूत शिकत होत्या हे आजच्या वाचकाला ठाऊक आहे आणि ते विसरून त्यांचा प्रबंध वाचता येत नाही.

त्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीची प्राकृत असममिती हा होता. युरोपीय माणसाच्या कवटीत उजव्या आणि डाव्या बाजूंतील फरक अधिक असावा, आणि त्याचा संबंध मेंदूच्या वाढीशी, पर्यायाने बुद्धीच्या श्रेष्ठतेशी असावा, अशी फिशर यांची अटकळ होती. १४९ कवट्या मोजून इरावतीबाईंनी असे दाखवले की असममितीचा वंशाशी संबंध नाही. प्रबंध १९३१ मध्ये छापला गेला. मार्गदर्शकाने त्याला उत्तीर्ण होण्यापुरती खालची श्रेणी दिली असे उर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंतो बार्बोसा यांच्या २०२४ मधील चरित्रात म्हटले आहे.

या नकाराचे महत्त्व कमी लेखू नये. पंचविशीतील एक विद्यार्थिनी, कर्जाचा पैसा, परकी भाषा, घरातला विरोध, आणि पदवी ज्याच्या सहीने मिळायची त्याच्याच सिद्धांताला छेद देणारी आकडेवारी. आकडे थोडे वाकवणे, निष्कर्ष धूसर ठेवणे, ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ अशा वाक्याच्या आडोशाला जाणे अगदी सोपे होते. तो आडोसा आजही सर्व विद्याशाखांत लोकप्रिय आहे. त्या तिकडे गेल्या नाहीत. ऋणाच्या भाषेत बोलायचे तर गुरूकडून घेतलेली पद्धती त्यांनी गुरूच्याच मताविरुद्ध प्रामाणिकपणे वापरली, आणि हीच गुरूला दिलेली खरी फेड होय, असे म्हणता येते. ऋषिऋणाच्या कल्पनेतही हेच अपेक्षित आहे. बहुतेक गौरवपर लेखन येथपर्यंत येते आणि थांबते.

पण त्या १४९ कवट्या कोणाच्या होत्या? त्यांत युरोपीय होत्या, तशाच वसाहतींमधून आलेल्याही होत्या. बर्लिनमधील असे संग्रह वसाहतवादी सत्तेच्या आश्रयाने वाढले. कबरी उकरून, युद्धांनंतर, तुरुंगांतून आणि छावण्यांतून अस्थी गोळा झाल्या. एकाही कवटीच्या मालकाने आपली कवटी मोजली जावी अशी अनुमती दिलेली नव्हती. तुमची कवटी आमच्या कवटीपेक्षा हीन नाही, हा निष्कर्ष त्या मृतांच्या बाजूचा आहे, परंतु तो काढण्यासाठी त्यांना पुन्हा एकदा कॅलिपरच्या दोन टोकांमध्ये धरावे लागले. वंशवादी गृहीतक खोटे ठरले आणि ते गृहीतक तपासण्याजोगे मानणारी चौकट मात्र तशीच राहिली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक येतात, संस्था येते. ज्यांच्यावाचून प्रबंधाचे एक पानही लिहिले गेले नसते ते मात्र परिशिष्टातील क्रमांकांत येतात.

हा आक्षेप इरावतीबाईंवर ठेवायचा काय? तसे करणे सोपे आहे आणि म्हणूनच त्यापासून सावध राहावे. १९२८ मध्ये मानवशास्त्राचा जो अभ्यासक्रम युरोपात उपलब्ध होता त्यात या प्रश्नाला शब्दच नव्हता. शिवाय त्या स्वतःही मोजल्या जाणाऱ्यांच्या जगातून आलेल्या होत्या. भारतात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची वांशिक उतरंड लावली होती; तिच्यावर घुर्ये यांनी १९३२ मधील जातिविषयक ग्रंथात टीका केली. मोजणाऱ्याच्या बाजूला जाण्याचा हक्क मिळवणे हीच त्या पिढीला मुक्ती वाटली असल्यास नवल नाही. ज्याचे नाक मोजले गेले त्याने कॅलिपर हाती घेणे यात एक न्याय आहेच.

परंतु प्रश्न तेथे मिटत नाही, कारण कॅलिपर त्यांच्याबरोबर परत आला. डेक्कन कॉलेजमध्ये १९३९ पासून काम करताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींची शारीरिक मोजमापे घेतली. मराठ्यांच्या मोजमापांवरील त्यांचे पुस्तक १९४८ चे आहे. या मोजमापांतून त्यांनी काढलेले निष्कर्ष रिस्लेच्या जातकुळीचे नव्हते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातिसमूहात भिन्न उगमाचे गट असू शकतात, एका मूळ समाजाची शकले होऊन जाती बनल्या असे सरसकट म्हणता येत नाही, ही त्यांची मांडणी १९६१ च्या हिंदू समाजविषयक पुस्तकात पूर्णत्वाला गेली आणि ती घुर्ये यांच्या मतापासून वेगळी होती. दुसऱ्या गुरूचेही ऋण त्यांनी मतभेदानेच फेडले. तथापि मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यातील अंतर मोजमापाच्या प्रत्येक प्रसंगी पुन्हा उभे राहत होते. आता त्या अंतराच्या दुसऱ्या टोकाला मराठी बोलणारी, जिवंत माणसे होती. गावातल्या शेतमजुराला आपले डोके मोजू देण्यास नकार देता येत होता काय, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ आणि ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई या मोजणाऱ्या इरावतीबाईंना दिलेले उत्तर आहेत, असे म्हणण्याचा मोह समीक्षकाला होतो. ललित निबंधात माणूस क्रमांक म्हणून येत नाही. ‘युगान्त’मध्ये तर महाभारतातील एकेका व्यक्तीपुढे बसून तिचा जाब ऐकला जातो. शास्त्राने जे नाकारले ते साहित्याने दिले, अशी ही मोहक आकृती आहे. ती टिकत नाही. ‘परिपूर्ती’ १९४९ चे आहे आणि मराठ्यांच्या मोजमापांचे पुस्तक त्याच्या एकच वर्ष आधीचे. दोन्ही कामे एकाच टेबलावर चालली. एकीने दुसरीची चूक दुरुस्त केली असा पुरावा त्यांच्या लेखनात सापडत नाही, आणि नसलेली उपरती एखाद्या लेखिकेच्या पदरी बांधणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. मराठी समीक्षेने संशोधक इरावतीबाई आणि ललित लेखिका इरावतीबाई यांना दोन दालनांत ठेवले ही तक्रार मात्र रास्त आहे. दालनांमधला दरवाजा उघडला की आत सामंजस्य सापडेलच असे नाही. कदाचित एक न सुटलेला ताण सापडेल, आणि तो तसाच वाचावा लागेल.

इन्ह रस्त्यावरील ती इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. राज्यशास्त्राचे विद्यार्थी तेथे शिकतात, त्यांत अनेक परदेशी असतात. २०१४ मध्ये जवळच बांधकामासाठी खणताना हाडांचे तुकडे निघाले. पुढच्या वर्षांत पुरातत्त्वीय उत्खनन झाले आणि सुमारे १६,००० तुकडे मिळाले. ते किमान ५४ व्यक्तींचे असावेत असे ठरले. त्यांतील काही वसाहतकालीन संग्रहांतले, काही नाझी गुन्ह्यांच्या बळींचे असण्याची शक्यता होती. कोणते कोणाचे, हे नेमके ठरवायचे तर अस्थींवर आणखी शास्त्रीय तपासण्या कराव्या लागल्या असत्या. ज्यू, सिंती आणि रोमा तसेच आफ्रिकी वंशाच्या समुदायांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय होऊन त्या करायच्या नाहीत असे ठरले, कारण वंशाचा शोध घेणे म्हणजे त्याच संस्थेची वर्गवारी पुन्हा राबवणे झाले असते. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या स्मशानभूमीत सर्व अस्थी एकत्र पुरण्यात आल्या. ज्ञान मिळवण्याची क्षमता असताना ते मिळवायचे नाही, हा निर्णय विद्यापीठाच्या इतिहासात विरळा. ऋणाच्या हिशेबात त्याला काय म्हणावे याला मराठीत तयार शब्द नाही. फेड म्हणावी तर धनको अज्ञात आहेत; माफी म्हणावी तर ती देणारे कोणी नाही.

आजच्या विद्यार्थ्याचे ऋण बाहेरून पाहता फार साधे झाले आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा ठरला. तेथील बहुतेक शासकीय विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्गसारख्या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले, हा एक अपवाद. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबात ही रक्कम बहुधा बँकेच्या कर्जातून, कधी घर वा जमीन तारण ठेवून उभी राहते. बँक हा विलक्षण धनको आहे. प्रबंधाचा निष्कर्ष काय असावा यात तिला स्वारस्य नाही. हप्ता वेळेवर यावा एवढेच तिला हवे. त्या अर्थी ती फिशर यांच्यापेक्षा उदार आणि वाँटेजच्या भगिनींपेक्षा सहिष्णू म्हणायला हवी. परंतु हप्ता फेडायचा तर नोकरी हवी, नोकरी हवी तर विषय तसा हवा. काय शिकावे याचा निर्णय बँक घेत नाही. परतफेडीचे कोष्टक घेते. मराठी साहित्य, पाली किंवा मानवशास्त्र यांसाठी घर तारण ठेवणारा बाप विरळा, आणि त्याला दोष देता येत नाही.

त्याच विद्यार्थ्यावर आणखी एका ऋणाचा दावा सांगितला जातो, तो देशाचा. देशाने शिकवले आणि फळ परक्यांनी खाल्ले, ही तक्रार अर्धशतकाहून जुनी आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. शासकीय पैशावर शिकलेला माणूस परदेशी स्थायिक झाला की कोणाचा तरी वाटा कमी होतो. पण या दाव्यामागे बडोद्याच्या कराराची आठवण ठेवली पाहिजे. परत आलेल्याला जागा न देणाऱ्या समाजाने परत न आल्याबद्दल तक्रार करायची असेल, तर आधी आपली बाजू तपासावी लागेल. धनकोलाही कर्तव्ये असतात, ही गोष्ट ऋणाच्या चर्चेत नेहमी शेवटी आठवते.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांच्या नावावर ऋषिऋण मांडलेच जात नव्हते त्यांच्यासाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांत अशी तरतूद आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीवर परदेशात अभ्यासता येणार नाहीत. अशा विषयांची साधने येथेच उपलब्ध आहेत, त्यांसाठी बाहेर जाण्याची गरज नाही, असे तिचे समर्थन करण्यात आले. युक्तिवाद वरकरणी व्यवहार्य आहे. परंतु साधने येथे असणे आणि त्या साधनांकडे पाहण्याला लागणारे अंतर येथे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीच्या उगमावरील आंबेडकरांचा निबंध मे १९१६ मध्ये कोलंबियाच्या चर्चासत्रात वाचला गेला, मुंबईत नव्हे. घुर्ये यांचा जातिविषयक ग्रंथ केंब्रिजमधील त्यांच्या अभ्यासातून वाढला. या दोघांपैकी कोणाचाही विषय २०२२ च्या नियमात बसला नसता. स्वतःच्या पैशाने किंवा बापाच्या घरावर कर्ज काढून जाणाऱ्याला हाच विषय घ्यायला कोणी हरकत घेतली नसती.